८० टक्के ब्लॉकेज, पण ॲटॅक नाही. स्टेंट घालायचाच का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वडील ६७ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. दिवाळीपासून सकाळी फिरायला गेले की देवळाच्या चढावर छातीत आवळल्यासारखं होतं. दोन मिनिटं कठड्यावर टेकले की जातं. बसल्याजागी, झोपेत, जेवताना कधीच नाही. आम्हाला त्यांनी सांगितलंच नव्हतं. आईच्या लक्षात आलं, कारण रोज देवळापर्यंत जाणारा माणूस अलीकडच्या दूध डेअरीवरूनच परत फिरायला लागला.

टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी) पॉझिटिव्ह. मग अँजिओ. उजव्या धमनीत ८० टक्के, बाकी ठिकाणी ३०-४०. ते टेबलावर असतानाच मला आत बोलावून पडदा दाखवला आणि म्हणाले, आत्ताच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून घेऊ, परत यायला नको. मी म्हटलं, घरी विचारतो. त्यावर "टाइमबॉम्ब घेऊन घरी चाललाय" हे ऐकून घेतलं. रात्रभर झोप नाही.

भाचा फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, ॲटॅक आलेला नसेल तर स्टेंटने आयुष्य वाढत नाही, मोठमोठे अभ्यास झालेत. चुलते म्हणतात, कालचं पोर, त्याचं काय ऐकता. आणि काकूने लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा दोन बाटल्या करून पाठवलाय. ब्लॉकेज विरघळतं म्हणे.

तर हे अभ्यास नक्की काय आहेत? आमच्यासारख्यांना लागू पडतात का? टू-डी इकोत ईएफ, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद, ५५ टक्के आहे. साखर आहे, गोळीवर. विडी दहा वर्षांपूर्वी सुटली (असं ते म्हणतात).

प्रतिसादशून्य

काढा आधी माळ्यावर टाका. बाकी जाणकार येतीलच. मी चहा घेऊन बसलोय.

खवट_म्हातारा

मला दोन स्टेंट आहेत. नोव्हेंबर २०१६ ला घातले, तेव्हापासून ठणठणीत. एकेकाला लाखाच्या वर मोजले आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरकारने किंमत बांधली. औषध लावलेला २९,६०० आणि साधा ७,२६०. ते दुखणं छातीतल्या दुखण्यापेक्षा जास्त टिकलं.

माझं मत, टाकून मोकळे व्हा. डोक्याला ताप नको.

दशांशचिन्ह

@खवट_म्हातारा, तुम्ही ठणठणीत आहात याचा आनंदच आहे. पण स्टेंट नसते तर काय झालं असतं, हे कळायला तुमच्याच वयाचा, तुमच्याच साखरेचा आणि तुमच्याच स्वभावाचा दुसरा खवट म्हातारा लागेल, ज्याला स्टेंट घातलेला नाही.

तो मिळत नाही, म्हणून हजारो माणसं घेऊन चिठ्ठ्या टाकतात. अर्ध्यांना स्टेंट आणि औषधं, अर्ध्यांना नुसती औषधं. भाचा म्हणतोय ते अभ्यास हेच.

२००७ चा 'करेज'. २,२८७ रुग्ण, बहुतेक चालल्यावर दुखतं, बसलं की थांबतं अशा प्रकारचे. मृत्यू आणि ॲटॅक यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. तेव्हा हृदयवाल्यांनी आक्षेप घेतले: सौम्य रुग्ण घेतलेत, स्टेंट जुन्या पद्धतीचे होते वगैरे. आक्षेप अगदीच खोटे नव्हते. म्हणून मग 'इस्किमिया' झाला. ५,१७९ रुग्ण, ३७ देश, स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते गंभीर दोष असलेलेच निवडले. निकाल २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. मृत्यू एका गटात १४५, दुसऱ्यात १४४.

परत वाचा. १४५ आणि १४४.

खवट_म्हातारा

दुसरा खवट म्हातारा नको. एकच पुरे झाला असं घरातून ओरडून सांगण्यात आलं आहे.

घाटमाथा

आकडे वाचायला बरे वाटतात हो. माझ्या थोरल्या काकांना असंच "औषधांवर ठेवून बघू" म्हणून सोडलं. तीन आठवड्यांनी पहाटे गेले. धागाकर्त्यांनी इथलं वाचून थांबायचं ठरवलं आणि काही झालं तर इथले पंडित येणार आहेत का खांदा द्यायला?

भुईकमळ

घाटमाथा, वाईट वाटलं वाचून. पण राग कळला तरी "पंडित" नको ना.

लेड_ॲप्रन

कॅथलॅबमध्ये (अँजिओ करतात ती खोली) टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

@घाटमाथा दादा, एक विचारू? शेवटच्या आठवड्यात काकांना कसं होत होतं?

घाटमाथा

रात्री झोपेतही दुखायचं. जिभेखालची गोळी आधी कधीतरी लागायची, नंतर दिवसातून चारदा. आम्हाला वाटलं पित्त. पुढची तारीख जवळच आली होती म्हणून डॉक्टरांना फोन केला नाही.

लेड_ॲप्रन

तिथेच आजार बदलला होता, दादा. चालल्यावर दुखणं हे एक. बसल्याजागी दुखायला लागलं, दुखणं वाढत चाललं, गोळीने थांबेना, की ते दुसरं. त्या दुसऱ्याला वरचे अभ्यास लागूच नाहीत. तेव्हा तारीख बघायची नसते, उचलून आणायचं असतं. तुम्हाला हे कोणी नीट सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

आता धागाकर्त्यांसाठी. पडद्यावर दिसणारे ८० टक्के हे फूटपट्टीने मोजलेले नसतात. सहसा नजरेचा अंदाज असतो. अँजिओची एकच सीडी दोन डॉक्टरांना दाखवा, एक ७० म्हणेल, एक ९०. नक्की बघायचं तर बारीक वायर धमनीत अडथळ्याच्या पलीकडे नेऊन दाब मोजतात. अलीकडच्या दाबाशी त्याचं प्रमाण ०.८० किंवा कमी आलं तर तो अडथळा रक्त खरंच अडवतोय असं धरतात. वायरचा खर्च वेगळा, त्यामुळे ती सगळीकडे वापरली जात नाही.

आणि नातेवाइकाला टेबलापाशी बोलावणं, हे मी रोज बघतो. वर शिशाचा एप्रन चढवलेला, पायात दुसऱ्याच्या चपला, समोर पडद्यावर बापाचं हृदय धडधडतंय. कोणता मुलगा तिथे "नको" म्हणेल? तुम्ही म्हणालात, हे विशेष आहे. खरं तर रुग्ण जागाच असतो, भूल नुसती मनगटापुरती. त्यालाच नंतर खाटेवर बसवून विचारावं. निदान आणीबाणी नसेल तेव्हा तरी.

टेम्स_तीरी

मूळची कराडची, लंडनजवळ हृदयविभागात काम करते. इथल्या कोणीही तुमच्या वडिलांची सीडी बघितलेली नाही, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

"टाइमबॉम्ब" हा शब्द मला खटकतो. पाइप गंजून अरुंद झाला, आता बंद पडणार, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ॲटॅक बहुतेकदा तसा येत नाही. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. फुटणारा थर सर्वांत मोठाच असेल असं नाही. तुमच्या वडिलांच्या त्या ३०-४० टक्क्यांपैकीही एखादा असू शकतो. स्टेंट एका जागेची डागडुजी करतो, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सगळ्या धमन्यांवर काम करतं. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांत सिम्वास्टॅटिनने मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. स्थिर आजारात स्टेंटला असा आकडा कधी दाखवता आलेला नाही.

मग स्टेंट कशाला? दुखणं कमी करायला. तिथेही गंमत झाली. २०१७ मध्ये इथे 'ऑर्बिटा' झाला. एका धमनीत अडथळा असलेले २०० रुग्ण. सहा आठवडे औषधं नीट बसवली, मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन लावले. अर्ध्यांना खरा स्टेंट, अर्ध्यांना नुसतं नाटक. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवलं, तर स्टेंटवाल्यांची वेळ खोट्यावाल्यांपेक्षा जेमतेम १६.६ सेकंदांनी जास्त वाढलेली. तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आमच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये 'ऑर्बिटा-२' आणला. ३०१ रुग्ण, आणि या वेळी दुखण्यावरच्या गोळ्या बंद केलेल्या. त्यात स्टेंटने खरंच फरक पडला. १२ आठवड्यांनी खऱ्या गटात ४० टक्के लोकांचं दुखणं पूर्ण गेलेलं, खोट्या गटात १५ टक्के. म्हणजे उपयोग आहे. पण हेही बघा की स्टेंट घालूनही दहातल्या सहा जणांचं दुखणं पूर्ण गेलं नाही.

प्रतिसादशून्य

खोटी अँजिओप्लास्टी? आणि लोक तयार झाले? आपल्याकडे खोटी पावती दिली तरी भांडण होतं.

टेम्स_तीरी

तयार झाले, आधी सगळं सांगून. आणि हे काही नवीन नाही. १९५० च्या दशकात अंजायनासाठी, म्हणजे याच चालल्यावरच्या दुखण्यासाठी, छातीतली एक धमनी बांधायची शस्त्रक्रिया जोरात होती, रुग्णांना बरंही वाटायचं. १९५९ मध्ये १७ रुग्णांवर ताडून बघितलं: सगळ्यांच्या छातीवर चीर, पण काहींची धमनी बांधलीच नाही. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. शस्त्रक्रिया बंद पडली.

घाटमाथा

@लेड_ॲप्रन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. वरचा "पंडित" शब्द मागे घेतो.

पण शंका आहेच. हे सगळं गोऱ्यांवरचं. आपल्या लोकांना लवकर होतो आजार.

दशांशचिन्ह

लवकर होतो, हे खरं. २००४ चा 'इंटरहार्ट', ५२ देश. पहिल्या ॲटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३, इतरत्र ५९. पण कारणं तीच निघाली: तंबाखू, कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब, पोट वगैरे. वेगळा शाप नाही, तोच हप्ता आपण आधी भरतो. आणि 'इस्किमिया'च्या ३७ देशांत भारत होता. त्यातले दहांतले साधारण चार रुग्ण मधुमेही होते आणि त्यांच्यातही निकाल तोच.

सही_अंगठा

पुण्यात रिसर्च को-ऑर्डिनेटर होते काही वर्षं. कोणतं रुग्णालय आणि कोणता अभ्यास ते सांगत नाही.

संमतीपत्र मराठीत असायचं, म्हणजे लिपी देवनागरी असायची. "यादृच्छिक वाटप" असा शब्द छापलेला. भोरकडचे एक आजोबा होते, लिहिता-वाचता न येणारे, त्यामुळे नियमाप्रमाणे साक्षीदार बसवून सगळं वाचून दाखवायचं. मी दहा मिनिटं समजावलं. आजोबा म्हणाले, "म्हणजे चिठ्ठी टाकणार. मग तसं लिवा की." मग जरा थांबून, "पण चिठ्ठी काढणार कोण? डॉक्टर काढणार असतील तर आपल्याला नको. ते पेशंट बघून काढतील."

कॉम्प्युटर काढणार म्हटल्यावर अंगठा दिला. वाटप लपवून का ठेवायचं यावर आम्हाला अख्खा दिवस ट्रेनिंग दिलं होतं.

त्यांना औषधांचा गट आला. चिडले. "कमी दर्जाचं दिलं मला." पण मग दर काही आठवड्यांनी माझा फोन, तपासण्या, औषधं फुकट, गोळ्यांची पाकिटं परत आणून मोजायची. वर्षभराने म्हणाले, "बाई, एवढं घरच्यांनी कधी विचारलं नाही."

हे मुद्दाम सांगतेय. अभ्यासातला "नुसती औषधं" गट आणि आपल्या घरातली "नुसती औषधं" यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'इस्किमिया'तही वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणायचं लक्ष्य होतं, पाठपुरावा होता. आपल्याकडे तीन महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून स्टॅटिन बंद, किंवा व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून बंद. @कृष्णाकाठ, स्टेंट की औषधं हे नंतर. वडील गोळ्या घेतील का, हे आधी सांगा.

दशांशचिन्ह

हा या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद. माझ्यासकट बाकी सगळे खाली.

भुईकमळ

निदानाबद्दलही बोला की कोणीतरी. माझी टीएमटी पॉझिटिव्ह आली होती, ४६ व्या वर्षी. महिनाभर घरात सुतक. सीटी अँजिओ केली, धमन्या स्वच्छ. नंतर कळलं की बायकांत ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह बऱ्याचदा येते. आणि उलट, माझ्या जाऊबाईंचा जबडा आणि पाठ दुखत होती, घाम सुटला होता. घरात सगळे म्हणाले, पित्त. ईसीजी काढेपर्यंत संध्याकाळ झाली. ॲटॅक होता. वाचल्या, पण पंप कमजोर झाला तो झालाच.

टेम्स_तीरी

@भुईकमळ, बरोबर मुद्दा. टेस्टचा अर्थ माणूस बघून लावायचा असतो. चढावर आवळणाऱ्या ६७ वर्षांच्या मधुमेही पुरुषात पॉझिटिव्ह टीएमटी म्हणजे जवळपास खात्री. लक्षणं नसलेल्या चाळिशीतल्या बाईत तोच कागद फारसं काही सांगत नाही. सीटीबद्दल: स्कॉटलंडमधल्या ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना सीटी अँजिओची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत ॲटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू २.३ टक्के, न दिलेल्यात ३.९. सीटीने काही बरं केलं नाही. भिंतीतला थर दिसल्यामुळे योग्य माणसांना योग्य औषधं मिळाली.

लेड_ॲप्रन

जाऊबाईंच्या गोष्टीवरून. चालू ॲटॅकमध्ये अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. तिथे मिनिटं मोजायची. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर रुग्णांची नोंद २००८ मध्ये आली होती. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला मध्यक वेळ ३६० मिनिटं. सहा तास! "पित्त आहे, सोडा घे" यात गेलेले सहा तास. १०८ ला फोन करा. हा धागा वाचून कोणी तेव्हा "अभ्यास काय सांगतो" म्हणत बसू नका.

निरोगी_जीवन

सलाइनमधून चिलेशन (शरीरातले धातू बाहेर काढणारं औषध) घ्या. ब्लॉकेज साफ होतं, चिरफाड नाही. मोठ्या अमेरिकन संशोधनात मधुमेहींना जबरदस्त फायदा सिद्ध झालाय. इच्छुकांनी व्यक्तिगत संदेश करावा.

दशांशचिन्ह

अर्धी गोष्ट सांगितलीत. २०१२ चा तो अभ्यास खरा आहे, १,७०८ रुग्ण. एकूण फायदा थोडका, मधुमेही गटात बराच दिसला. म्हणून फक्त मधुमेही घेऊन, ज्यांना आधी ॲटॅक येऊन गेलाय असे, तोच प्रयोग परत केला. २०२४ मध्ये निकाल आला. फायदा नाही.

गट पाडत गेलं की कुठल्यातरी गटात काहीतरी दिसतंच. १९८८ मध्ये १७,१८७ ॲटॅकच्या रुग्णांवर ॲस्पिरिनचा अभ्यास छापला गेला, 'इसिस-२'. ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, आज ॲटॅकमध्ये जी इकोस्प्रिन (ॲस्पिरिनच) आपण बिनदिक्कत चावायला सांगतो ती त्याच्या जिवावर. संपादकांनी संशोधकांकडे गटवार आकडे मागितले. त्यांनी दिले, पण सोबत राशीवार आकडेही जोडले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग शून्य!

प्रतिसादशून्य

माझी तूळ आहे. इकोस्प्रिन बंद करू?

दशांशचिन्ह

ती सूर्यावरून होती, तुझी चंद्रावरून. चालू ठेव.

खवट_म्हातारा

मी वृश्चिक. आम्हाला काहीच लागू पडत नाही.

निरोगी_जीवन

विश्वास असणाऱ्यांसाठीच लिहिलं होतं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. सगळे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. भोरच्या आजोबांवर फार खूश झाले.

सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटं पडदा बघितला आणि पंधरा मिनिटं वडिलांशी बोलले. डाव्या मुख्य धमनीच्या खोडात अडथळा नाही, पंप चांगला, दुखणं फक्त चढावर. साखर आहेच, त्यात तिन्ही धमन्यांत असे अडथळे असते तर बायपासचं बोललो असतो, म्हणाले. मग वडिलांना विचारलं, "देवळापर्यंत जायला मिळालं नाही तर चालेल का?" वडील म्हणाले, "जायचं आहे. पण घाई नाही."

तर सध्या औषधं. दुखणं कमी करणाऱ्या दोन, स्टॅटिन मोठ्या डोसात, इकोस्प्रिन, साखरेची गोळी बदलली. तीन महिन्यांनी परत बघायचं. दुखणं आटोक्यात आलं नाही किंवा वडिलांनाच गोळ्या नकोशा झाल्या, तर स्टेंट. अभ्यासातही औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागलाच, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. बसल्याजागी दुखलं तर लगेच या, रात्री दोनलाही, हे चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलंय. ती चिठ्ठी फ्रिजवर आहे.

@सही_अंगठा, गोळ्यांचं विचारलं होतंत. तिकिटाच्या जुन्या पेटीत कप्प्या-कप्प्यांनी लावल्यात, सकाळ वर, रात्र खाली. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला पंच मारतात. तो पंच त्यांच्याकडे कसा राहिला हे विचारू नका. या महिन्याच्या पानावर एकही तारीख सुटलेली नाही; फक्त मागच्या बाजूचं राशिभविष्य वाचता येत नाही अशी आईची तक्रार आहे.

काल डेअरी ओलांडून पारापर्यंत गेले. पारावर बसले, पण दुखलं म्हणून नाही, मित्र भेटला म्हणून. असं ते म्हणतात.

सही_अंगठा

पंच! आमच्या अभ्यासात ही सोय असती तर माझे निम्मे फोन वाचले असते.

घाटमाथा

बरं वाटलं वाचून. ती लाल चिठ्ठी घरातल्या प्रत्येकाला वाचायला लावा.

खवट_म्हातारा

आणि विडी?

कृष्णाकाठ

पारावर कोण मित्र भेटला, त्याचा तपास चालू आहे.

प्रतिसादशून्य

सगळं झालं, काढ्याचं काय ते राहिलं. दोन बाटल्या होत्या.

कृष्णाकाठ

काकू येणार म्हणून घाईघाईत मोरीत ओतल्या. मोरी आधीच तुंबलेली होती. अजून तुंबलेलीच आहे.